रील बघणारा वेगळा, दुकान शोधणारा वेगळा



हल्ली प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, रीलला 40 हजार व्ह्यूज आले, पण दुकानात चार गिऱ्हाइकंसुद्धा वाढली नाहीत. असं का?" मी आधी एवढंच विचारतो, की बघणाऱ्यांतले किती जण तुमच्या दुकानापर्यंत रिक्षाने येऊ शकतात? दुकान सांगलीत, रील बघणारे नागपूर, नाशिक, कुणी थेट दुबईत. त्यांनी लाइक दिलं, मनापासून दिलं, पण कढई घ्यायला ते काही येणार नाहीत.

म्हणून आज दोन प्रकारची माणसं आधी वेगळी करू. पहिला माणूस रात्री अंथरुणावर पडून मोबाइल चाळतोय. त्याला काहीच घ्यायचं नाहीये, तुम्ही फक्त त्याच्या नजरेसमोर आलात. दुसऱ्या माणसाच्या घरी परवा सत्यनारायण आहे, समई गळतेय, आणि तो गुगलवर लिहितोय 'पितळी समई दुकान जवळचे'. या दुसऱ्याच्या खिशात पैसे तयार आहेत. पहिल्याला सोशल मीडिया पकडतं, दुसऱ्याला सर्च. आणि आपण सगळे कष्ट पहिल्यावर घेतो, कारण तिथे व्ह्यूजचा आकडा दिसतो आणि बरं वाटतं!

माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे उदाहरणं भांड्यांचीच देतो. तुम्ही तुमच्या धंद्याला लावून बघा.

गुगल कुणाला वर दाखवतं?

'जवळचे' किंवा गावाचं नाव घालून शोधलं, की बहुतेक वेळा नकाशा आणि त्याखाली तीन दुकानं दिसतात. या तिघांत येणं म्हणजे बाजारपेठेत कोपऱ्यावरचा गाळा मिळणं. यासाठी वेबसाइट असलीच पाहिजे असं नाही, गुगल बिझनेस प्रोफाइल लागतं. ते मोफत आहे. पूर्वी याला गुगल माय बिझनेस म्हणायचे, 2021 मध्ये नाव बदललं.

गुगलने क्रम ठरवण्याच्या तीन गोष्टी उघड सांगितल्या आहेत. शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं दुकान किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही, दुकान काही उचलून नेता येत नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र हातात आहेत. आणि हेही गुगलनेच स्पष्ट लिहिलंय, की या नकाशातल्या क्रमासाठी पैसे भरायची सोय नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसा शिक्का असतो. तेव्हा "प्रोफाइल वर आणायला गुगलला फी भरावी लागते" असा फोन आला, तर शांतपणे ठेवून द्या.

प्रोफाइल भरताना सगळ्यात जास्त वेळ कॅटेगरीवर घालवा. मुख्य कॅटेगरी एकच निवडता येते आणि 'जुळतं की नाही' हे ठरवताना तिला मोठं वजन असतं. होलसेल करत असाल तर होलसेल, किरकोळ असेल तर किरकोळ, दोन्ही असेल तर ज्यावर गल्ला चालतो ती मुख्य आणि दुसरी जोडीला. नावात मात्र हुशारी करू नका. पाटीवर आहे तेच नाव लिहायचं. 'स्वस्त आणि मस्त भांडी सांगली नंबर 1' असं शेपूट जोडलं तर नियम मोडतो, आणि प्रोफाइल बंदही पडू शकतं. शेजाऱ्याने जोडलंय आणि त्याचं चाललंय, हे मला माहीत आहे. त्याचं चालू द्या.

वेळा खऱ्या लिहा. आठवड्याची सुट्टी, दिवाळीनंतरची सुट्टी, दुपारी जेवायला शटर ओढत असाल तर तेही. उन्हात येऊन बंद शटर बघून गेलेलं गिऱ्हाईक घरी जाऊन काय लिहितं, ते वाचायची वेळ येऊ नये.

प्रोफाइल नक्की कुणाच्या नावावर आहे?

इथे जरा थांबतो, कारण यात माणसांचं खरंखुरं नुकसान होतं.

आमच्या एका बॅचमध्ये डबे देणाऱ्या एक ताई होत्या. एका एजन्सीच्या मुलाने त्यांना प्रोफाइल, पेज, सगळं 'सेट' करून दिलं होतं. ताईंनी पैसे दिले, कामही झालं. वर्षभराने नूतनीकरणाचे जादा पैसे मागितले, ताईंनी नकार दिला, आणि पुढच्या आठवड्यात प्रोफाइलवरचा फोन नंबर बदलला. गिऱ्हाईक ताईंचं नाव वाचून फोन करायचं आणि डबा दुसऱ्याच कुणाकडून जायचा. प्रोफाइल त्या मुलाच्या ईमेलने बनवलं होतं. कागदावर मालक ताई, गुगलच्या लेखी मालक तो.

ते परत मिळालं. गुगलकडे मालकी मागायची विनंती करता येते, आधीच्या मालकाला उत्तर द्यायला मुदत मिळते, मग पुरावे द्यावे लागतात. पण एवढ्यात कॉलेज सुरू व्हायचा मोसम निघून गेला होता. मेस-डब्याच्या धंद्यात तो मोसम म्हणजे वर्षाची कमाई.

तेव्हा तुमचं प्रोफाइल दुसऱ्या कुणी बनवलं असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच सेटिंग उघडा आणि मुख्य मालक म्हणून कुणाचा ईमेल आहे ते बघा. एजन्सीला काम द्यायला माझी हरकत नाही, पण त्यांना 'मॅनेजर' म्हणून जोडा. मालकी तुमच्या ईमेलवर, आणि त्या ईमेलचा पासवर्ड तुमच्याकडे. पुतण्याकडे नाही! आता नवीन प्रोफाइलसाठी बऱ्याचदा व्हिडिओ पडताळणी मागतात. रस्ता, पाटी, आतलं दुकान, आणि काउंटर उघडून दाखवणं, असं एका सलग व्हिडिओत घ्यायचं असतं. ते स्वतःच करा, पाच मिनिटांचं काम आहे.

गिऱ्हाइकाची भाषा

एसईओ म्हणजे काहीतरी कोडिंग आहे असं वाटून आपली माणसं घाबरतात. छोट्या दुकानासाठी त्याचा अर्धा भाग एवढाच आहे, की गिऱ्हाईक जो शब्द वापरतं तो शब्द तुमच्याकडे लिहिलेला हवा.

कंपनीच्या कॅटलॉगमध्ये 'प्रीमियम कुकवेअर' असतं. काउंटरवर येऊन तसं कुणी म्हणतं का? बायका विचारतात, "रुखवताची भांडी दाखवा," "वाणाला द्यायला काही स्वस्तातलं आहे का," "जाड बुडाचं पातेलं हवंय," "कल्हई करून मिळेल का?" हेच शब्द लोक गुगलवर टाकतात. कुणी देवनागरीत, बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि वयस्कर माणसं तर माइकचं बटण दाबून सरळ बोलतात. म्हणून प्रोफाइलच्या वर्णनात, प्रॉडक्टच्या नावांत, फोटोखालच्या ओळीत मराठी शब्द ठेवा. वेबसाइट असेल तर दोन्ही लिपींत.

कल्हईचं उदाहरण मला फार आवडतं. आजीची पितळी पातेली माळ्यावरून खाली काढणारी घरं हल्ली पुष्कळ आहेत आणि कल्हई करणारे कमी उरलेत. शोधणारे आहेत, दाखवणारं कुणी नाही. तुम्ही स्वतः कल्हई करत नसाल, पण महिन्यातून एक दिवस कारागीर दुकानात बसवत असाल, तर 'पितळी भांड्यांना कल्हई करून मिळेल' एवढी सेवा प्रोफाइलवर लिहा. कल्हईला आलेली बाई भांडी परत न्यायला दुसऱ्यांदाही येते. दोन खेपांत काही ना काही घेतेच. असा तुमच्या धंद्यातला 'कल्हई' शब्द कोणता, तो शोधायचा आहे.

शोधायचा कसा? काउंटरवर एक वही ठेवा. पंधरा दिवस, गिऱ्हाइकाने जे विचारलं ते त्याच शब्दांत लिहा. विशेषतः "...मिळेल का?" असे प्रश्न. मग मोबाइलवर तो शब्द अर्धाच टाइप करा आणि गुगल खाली काय सुचवतंय ते बघा. प्रोफाइल जुनं असेल तर परफॉर्मन्समध्ये लोकांनी काय शोधून तुम्हाला गाठलं, त्या शब्दांची यादीच मिळते. पैसे देऊन कीवर्डचं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी हे फुकटचं तरी संपवा. आणि वेबसाइटवाल्याने 'मेटा कीवर्ड टॅग' भरायचे वेगळे पैसे लावले, तर त्याला सांगा की गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय, क्रम ठरवताना तो टॅग आम्ही बघत नाही.

शब्दांना मोसमही असतो. संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास, आणि हळदीकुंकू चालतं रथसप्तमीपर्यंत. पण पन्नास नग वाण घेणारी बाई संक्रांतीच्या दिवशी शोधायला बसत नाही, ती आधीच चौकशी करते. वाणाच्या वस्तूंचे फोटो भावासकट डिसेंबरच्या सुरुवातीला प्रोफाइलवर आणि इन्स्टाग्रामवर गेलेले हवेत. 12 जानेवारीला टाकलेली पोस्ट म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड.

रिव्ह्यू

रिव्ह्यू मागायला लाजू नका. गिऱ्हाईक खुश होऊन पिशवी उचलतं, त्याच क्षणी क्यूआर कोड पुढे करा. "काय घेतलं तेवढं दोन ओळींत लिहा" असं म्हणा. 'रुखवताचा सेट घेतला' असं गिऱ्हाइकाने लिहिलं, की पुढच्या गिऱ्हाइकाला इथे काय मिळतं ते आपोआप कळतं.

पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू द्यायची नाही, गुगलच्या नियमात ते बसत नाही. विकत मिळणारे शंभर रिव्ह्यू तर नकोच. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, त्यातही विकतचे रिव्ह्यू प्रसिद्ध करायला जागा नाही. एक तारा देऊन कुणी तक्रार लिहिली, तर भांडू नका. एक दिवस जाऊ द्या, मग नम्रपणे उत्तर लिहा आणि दुरुस्ती काय केली ते सांगा. ते उत्तर त्या माणसासाठी कमी, पुढच्या वाचणाऱ्यांसाठी जास्त असतं.

मग रील बनवायच्याच नाहीत?

बनवायच्या, बनवायच्या! पण त्यांचं काम ओळखून. रीलचं काम आहे तुमचं नाव आणि चेहरा गावातल्या माणसाच्या डोक्यात बसवणं. म्हणून पहिल्या काही सेकंदांत गाव आणि दुकानाचा पत्ता बोला, लोकेशन टॅग लावा, कॅप्शनमध्ये तेच वहीतले शब्द लिहा. 'स्टीलच्या कढईला अन्न का चिकटतं' असली साधी उपयोगी रील, ट्रेंडिंग गाण्यावर नाचण्यापेक्षा दुकानदाराला जास्त देते. हे माझं मत आहे, नाचणाऱ्यांवर राग नाही.

आणि तिथे जमलेली माणसं आपल्या वहीत आणा. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 ॲप्सवर बंदी आली, तेव्हा लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले. गुगलसुद्धा तसंच. प्रोफाइलसोबत जी फुकट वेबसाइट बनवून मिळायची, ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली, आणि ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता त्यांची कार्डं रद्दी झाली. ही सगळी भाड्याची जागा आहे. गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांना विचारून घेतलेले, ही आपली जागा.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून बिल देताना सांगा, "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, कल्हईवाले कधी येणार ते कळवतो." नंबर सेव्ह करायला कारण मिळतं. मग रोज गुड मॉर्निंग पाठवून ते घालवू नका.

राहिला एजन्सीचा प्रश्न. "एका महिन्यात गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी!" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं, आणि एसईओचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं असंही त्यांच्याच लोकांनी सांगितलेलं आहे. एवढे महिने पैसे भरायची ताकद नसेल तर प्रोफाइल, वही आणि रिव्ह्यू यावरच थांबा. जाहिरात करायचीच असेल तर नकाशावर दुकानाभोवती पाच-सात किलोमीटरचं वर्तुळ टाकून, मोसमाच्या आधीचे दहा दिवस करा, आणि आलेल्या प्रत्येकाला विचारा, "कुठे बघून आलात?" उत्तर त्याच वहीत, तारखेसकट लिहा. महिन्याने वही आणि जाहिरातीचं बिल शेजारी ठेवा, मग पुढचं बजेट ठरवा.