नॉर्वेजियन सामासिक शब्द : जोडणी आणि तोडणी

नॉर्वे देशाची राष्ट्रीय नभोवाणीसंस्था १९३३ सालीं स्थापन झाली. तिचें नांव ‘नॉर्स्क रिक्सक्रिंगकास्टिंग’. यांतला दुसरा शब्द प्रथमदर्शनीं जिभेची परीक्षा पाहणारा वाटतो. परंतु तो उलगडला म्हणजे त्यांत भिण्यासारखें कांहीं उरत नाहीं. ‘क्रिंग’ म्हणजे सभोंवार व ‘कास्टिंग’ म्हणजे फेकणें. दोन्ही मिळून सभोंवार फेकणें, अर्थात् ध्वनिक्षेपण. त्याच्या आधीं ‘रिक्स’, म्हणजे राज्याचें, हें पद लागलें कीं ‘राज्याचें ध्वनिक्षेपण’ असा अर्थ सिद्ध होतो. ‘नॉर्स्क’ हें विशेषण मात्र सुटेंच राहिलें आहे. काय जोडावें, काय सुटें ठेवावें, आणि जोडलेला शब्द ओळीच्या अखेरीस कोठें तोडावा, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर नॉर्वेजियन भाषा एकाच तत्त्वावर देते : आधीं पदें पाहावयाचीं, मग उच्चारखंड.

नॉर्वेजियन भाषेचीं ‘बूकमोल’ व ‘न्यूनॉर्स्क’ अशीं दोन अधिकृत लेखनरूपें आहेत. येथील उदाहरणें पहिल्यांतलीं असून तीं मूळच्या रोमन लेखनास धरून देवनागरींत दिलीं आहेत. प्रत्यक्ष उच्चार कोठें कोठें निराळा होतो.

संस्कृत समासांची ओळख असणारास ही घडण परकी वाटणार नाहीं. ‘टान’ म्हणजे दांत, ‘लेगे’ म्हणजे वैद्य. म्हणून ‘टानलेगे’ म्हणजे दंतवैद्य. येथें नुसती घडणच जुळते असें नव्हे. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळांतल्या असल्यामुळें ‘टान’ आणि ‘दन्त’ हे शब्दही एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. ‘येर्न’ म्हणजे लोखंड व ‘बाने’ म्हणजे मार्ग. त्यांचा ‘येर्नबाने’ हा समास मराठींतील ‘लोहमार्ग’ या शब्दाचें जणूं प्रतिबिंबच होय. ‘स्यूके’ म्हणजे रोगी, ‘हुस’ म्हणजे घर. ‘स्यूकेहुस’ म्हणजे रुग्णालय. या सर्वांत उत्तरपद प्रधान असून पूर्वपद त्याचा विशेष सांगतें. लिंगही उत्तरपदाचेंच. ‘व्हीन’, म्हणजे द्राक्षाची दारू, हा शब्द पुल्लिंगी आणि ‘ग्लास’, म्हणजे पेला, हा नपुंसकलिंगी. तेव्हां ‘व्हीनग्लास’ नपुंसकलिंगी होतो. मराठींत ‘देव’ पुल्लिंगी असूनही ‘देवघर’ नपुंसकलिंगी होतें, तसाच हा प्रकार.

पदें जोडण्याच्या मुख्य रीति तीन. पहिलींत मध्यें कांहींच येत नाहीं. ‘टानलेगे’ हें तिचें उदाहरण. दुसरींत मध्यें ‘ए’ येतो : ‘बार्न’ म्हणजे मूल, ‘बूक’ म्हणजे पुस्तक, व मुलांचें पुस्तक तें ‘बार्नेबूक’. तिसरींत ‘स’ येतो : ‘आर्बेइड’ म्हणजे काम, ‘प्लास’ म्हणजे जागा, व कामाची जागा ती ‘आर्बेइड्सप्लास’. कोठें कोणती रीति लावावी हें बहुधा रूढीवरच ठरतें. तरी एक खूण उपयोगी पडते. पूर्वपद स्वतःच सामासिक असलें तर मध्यें ‘स’ येण्याकडे कल असतो. ‘व्हीनग्लास’ या शब्दांत ‘स’ नाहीं. पण ‘रोड’, म्हणजे तांबडा, हें पद लागून ‘रोडव्हीन’ झालें कीं पुढें ‘रोडव्हीन्सग्लास’ असें म्हणतात. तो ‘स’ मुख्य सांधा दाखवितो : तांबड्या दारूचा पेला, दारूचा तांबडा पेला नव्हे.

समास बोलतांना मुख्य आघात सामान्यतः पूर्वपदावर पडतो, आणि त्यावरून श्रोत्यास सबंध शब्द एक असल्याचें कळतें. लेखनांत तें काम शब्द जोडून लिहिल्यानें होतें. ‘नॉर्स्कलेरर’ म्हणजे नॉर्वेजियन भाषेचा शिक्षक. तो कोणत्याही देशाचा असूं शकेल. ‘नॉर्स्क लेरर’ असें सुटें लिहिलें तर तो नॉर्वेचा रहिवासी असलेला शिक्षक. तो गणितही शिकवीत असेल. ‘रॉय्कफ्रित्त’ या पाटीचा अर्थ ‘येथें धूम्रपान नाहीं’. तीच पाटी ‘रॉय्क फ्रित्त’ अशी तोडून रंगविली तर ‘खुशाल धूम्रपान करा’ असा नेमका उलट उपदेश होतो. इंग्रजींत पुष्कळ समास सुटे लिहितात. त्या वळणानें नॉर्वेजियन समासही तोडले जाऊं लागले आहेत, आणि भाषेविषयीं दक्ष असणारे लोक त्यावर वारंवार टीका करितात ती याच कारणास्तव.

आतां ओळीच्या अखेरीस शब्द तोडण्याचा प्रश्न. एका स्वराभोंवतीं जेवढे वर्ण एकत्र उच्चारले जातात तो एक उच्चारखंड. साध्या शब्दांत स्वराच्या लगत आधींचें एक व्यंजन पुढच्या खंडांत जातें : ‘लेरर’ तुटतो तो ‘ले-रर’ असा, आणि ‘व्हिन्टर’, म्हणजे हिवाळा, तुटतो तो ‘व्हिन-टर’ असा. सामासिक शब्दांत मात्र पहिला मान सांध्याचा. जोडणारा ‘स’ही पूर्वपदापाशींच राहतो, जसें ‘आर्बेइड्स-प्लास’. नुसत्या उच्चारखंडांवर विसंबल्यास काय होतें तें ‘हुसार्रेस्त’ या शब्दावरून दिसतें. ‘हुस’ म्हणजे घर व ‘आर्रेस्त’ म्हणजे अटक. हा शब्द नजरकैदेचा वाचक आहे. त्याचे उच्चारखंड ‘हु-सार-रेस्त’ असे पडतात. पण ‘हुसार’ म्हणजे घोडेस्वार शिपाई आणि ‘रेस्त’ म्हणजे अवशेष! ओळ ‘हुसार’वर संपली तर वाचकास कैद्याऐवजीं शिपायाचे उरलेले अवशेष दिसावयाचे. ‘हुस-आर्रेस्त’ अशी तोड केली कीं घोटाळा संपतो.

सांध्यावर एक गंमत आणखी घडते. ‘नात्त’ म्हणजे रात्र व ‘तोग’ म्हणजे आगगाडी. यांच्या समासांत तीन ‘त’ एकत्र येतात. पण तीन सारखीं व्यंजनें लागोपाठ लिहावयाचीं नाहींत म्हणून एक गळतो आणि ‘नात्तोग’ उरतो. हाच शब्द ओळीच्या अखेरीस तुटला तर लोपलेला ‘त’ परत येतो : ‘नात्त-तोग’. दोन्ही पदें आपापल्या पूर्ण रूपांत पुन्हां उभीं राहतात.

‘नभोवाणी’ या शब्दांत विसर्गाचा ओकार होऊन ‘नभः’ हें मूळ रूप बदललें आहे. संधीनें सांधा झांकला जातो. नॉर्वेजियन लेखन पदांचीं रूपें बव्हंशीं जशींच्या तशीं ठेवतें. त्यास तसें करणें भागही आहे. कारण तेथें कोणीही बोलणारा गरजेनुसार नवा समास बनवितो, आणि असे सगळे समास कोणत्याही कोशांत मावणें शक्य नाहीं. कोशांत न सांपडणारा लांबलचक शब्द पुढें आला म्हणजे वाचकानें शेवटचें पद आधीं शोधावें, वस्तु कोणती तें ठरवावें, आणि मग एकेक सांधा मागें मागें सोडवीत जावें. सांधे शाबूत असले म्हणजे कधींही न पाहिलेला शब्दही अर्थ सांगूं लागतो.