किनारा उजव्या हाताला

माझ्या एका कादंबरीत वादळाचं सहा पानी वर्णन आहे. वाचकांना ते आवडलं. पण खरं सांगायचं तर ते मी रत्नागिरीच्या घरात, पंख्याखाली बसून लिहिलं. साठी उलटेपर्यंत शिडाच्या नौकेत मी पाऊलही ठेवलं नव्हतं. याला कारण आमची आजी. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आजीच्या लेखी समुद्र म्हणजे नारळी पौर्णिमेला काठावरून हात जोडण्याची गोष्ट. मुंबईला बोटी जात होत्या तेव्हाही आम्ही गेलो ते एसटीनेच.

यंदा फेब्रुवारीत भाचा त्याची यॉट गोव्याहून मुंबईला नेत होता. रत्नागिरीला नांगर टाकून म्हणाला, "मामा, जयगडपर्यंत चला. जेमतेम एकोणीस सागरी मैल." सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर. दुपारच्या जेवणाला पोचू, असा मी बँकेतला हिशेब केला.

पहाटे निघालो. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून येणारा मतलई वारा शिडात भरला आणि रत्नदुर्ग मागे पडला. उजव्या हाताला काळबादेवीची वाळू, मग आरे-वारे. गणपतीपुळ्याला ज्या डोंगराला आपण प्रदक्षिणा घालतो, तो डोंगर आयुष्यात प्रथमच समोरून अख्खा पाहिला. हात आपोआप जोडले गेले.

मग वारा पडला. शिडं लोंबू लागली. आणि दुपारी वायव्येचा वारा उठला, तो नेमका जयगडच्या बाजूने! शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालत नाही. कधी खोल समुद्राकडे, कधी किनाऱ्याकडे, असं तिरकं तिरकं पुढे सरकावं लागतं. पाच मैल कापले तर वाटेचे तीन पदरी पडतात. केशवसुतांचं मालगुंड तासभर हलायलाच तयार नव्हतं. लाटांचे तुषार अंगावर येत होते, पोटात ढवळत होतं, आणि वर आभाळ मात्र स्वच्छ निळं.

त्या निळ्या आभाळाने मला १९८४ सालची एक दुपार आठवली. तेव्हा मी शाखेत फील्ड ऑफिसर होतो. होडी-जाळ्यासाठी कर्ज घेतलेला एक मच्छीमार समोर उभा होता. दोन हप्ते थकलेले. "साहेब, पंधरा दिवस वारा समोरचा आहे. होडी बाहेर काढता येत नाही." मी खिडकीतून पाहिलं. लख्ख ऊन होतं, ढगाचा ठिपका नव्हता. फायलीवर मी शेरा मारला : 'हवामानाची सबब.' महिन्याभराने त्याने दोन्ही हप्ते भरले. पैसे कुठून आणले, ते मी विचारलं नाही.

"मामा, इंजिन लावू का?" भाच्याने विचारलं. माझा चेहरा पांढरा पडला असावा. त्या माणसाच्या होडीला इंजिन नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे. जाऊ असंच."

शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडच्या खाडीत शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. पाय जमिनीला लागले तरी जमीन डोलतच होती. भाचा म्हणाला, "आता वादळाची पानं नव्याने लिहा." कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तर तीही दुरुस्ती होईल. त्या फायलीवरची माझी सही मात्र आता कुठल्या आवृत्तीत खोडू?