दीड दिवसाचे काम

‘भौतिकशास्त्र शिकून मुलगा पुढे काय करणार?’ हा प्रश्न व्यापारी कुटुंबांत आजही विचारला जातो. अ‍ॅलन कॉर्मॅक यांचा जीवनक्रम त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१९२४ साली जोहान्सबर्ग येथे जन्मलेले कॉर्मॅक केपटाऊन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवीत. तेथील ग्रूट शूर रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने राजीनामा दिला. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या वापरावर जाणकाराची देखरेख कायद्याने आवश्यक होती. म्हणून १९५६ मध्ये आठवड्यातून दीड दिवस हे काम कॉर्मॅक यांच्याकडे आले.

कर्करोगावरील किरणोपचाराची मात्रा ठरविताना तेव्हा सारे शरीर एकाच घनतेचे मानले जाई. हाड, स्नायू आणि हवेने भरलेले फुप्फुस यांना एकच माप! निरनिराळ्या मालाचा साठा एकाच सरासरी दराने मांडावा, तसाच हा हिशेब होता. कॉर्मॅक यांना तो पटला नाही. शरीरातून अनेक दिशांनी किरणे सोडावीत, प्रत्येक वेळी किती शोषली गेली हे मोजावे आणि त्यावरून आतील प्रत्येक बिंदूची शोषणक्षमता काढावी, असा विचार त्यांनी केला. उभ्या-आडव्या बेरजांवरून कोष्टकातील एकेक रक्कम शोधावी, तसेच हे गणित.

१९५७ मध्ये त्यांनी लाकडी कडे बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर प्रयोग केला. उत्तरात मध्यभागी किंचित फरक दिसला. चौकशीअंती कळले, की कारागिराने तेथे निराळ्या अ‍ॅल्युमिनियमची खुंटी बसविली होती. डोळ्यांना न दिसलेली गोष्ट गणिताने दाखविली होती.

१९६३ व १९६४ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले; वैद्यकीय जगाने दखल घेतली नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे हिमकडे-संशोधन केंद्र मात्र होते! कॉर्मॅक तोवर अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात अध्यापन करीत होते. पुढे गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या सीटी स्कॅन यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती.

भारतातही किरणोपचार केंद्रांना वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ लागतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम.एस्सी.नंतर त्यासाठी पदविका अभ्यासक्रम आहे. घरातील मुलगा वा मुलगी भौतिकशास्त्राचा आग्रह धरीत असेल, तर नकार देण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.