फवारणी आणि मेंदूतील एक प्रथिन



मुंबईच्या उपनगरात शेती कुठली, असे कोणी विचारील. पण गोरेगाव-बोरिवलीकडील पाड्यांवर पावसाळी भाजी निघते आणि घाटकोपर-मुलुंड भागात रेल्वे रुळांलगत वर्षानुवर्षे पालक, लाल माठ पिकत असे. वाफे लहान म्हणून फवारणीही किरकोळ समजली जाते. अंगात बनियन, पाय उघडे आणि औषध ढवळायला हात! हे का टाळावे, हे समजण्यासाठी एका प्रथिनाची ओळख करून घेऊ.

एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला किंवा स्नायूला पोचविणारे एक रसायन म्हणजे असिटाइलकोलिन. निरोप पोचताच ते मोडावे लागते. नाहीतर स्नायू आखडतच राहतात. मोडण्याचे काम असिटाइलकोलिनएस्टरेज हे प्रथिन करते. त्याचा एकच रेणू सेकंदाला असिटाइलकोलिनचे हजारो रेणू फोडतो. मॅलॅथिऑन, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे नेमकी याच प्रथिनाला चिकटून ते निकामी करतात. कीड मरते ती त्यामुळेच. हेच प्रथिन तुमच्या-आमच्या मेंदूतही आहे.

(अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात मेंदूतील असिटाइलकोलिन कमी पडते. तेव्हा डॉक्टर हेच प्रथिन थोडे मंदावणारी गोळी देतात. सारा फरक मात्रेचा आहे.)

औषध त्वचेतूनही शरीरात जाते, ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. शिवाय निकामी झालेले प्रथिन लवकर भरून निघत नाही. तांबड्या रक्तपेशींतील त्याची पातळी दिवसाला सुमारे १ टक्का या गतीने वाढते. म्हणजे सोमवारची तूट भरण्याआधीच गुरुवारची फवारणी होते. 'इतकी वर्षे मारतोय, काही झाले नाही' या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेथे वापरलेल्या औषधांत या गटातील औषधेही होती. कपाशी उंच वाढलेली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. आपल्याकडे मांडवावरच्या वेलभाज्यांखाली उभे राहून फवारताना हेच घडते.

तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा व तोंडावर मास्क वापरावा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. काम संपताच साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे. जुनी बाटली सापडली तरी वापरू नये.

घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर, धाप यांपैकी काही दिसल्यास कपडे काढून अंग धुवावे व रुग्णालय गाठावे. दूध-तूप पाजण्यात वेळ दवडू नये, ओकारी काढू नये. बाटलीवरील लेबल सोबत न्यावे. अॅट्रोपिन द्यायचे की आणखी काही, हे डॉक्टर त्यावरून लवकर ठरवू शकतात.