हात काढल्यावर

पाण्यातला थर्मामीटर फिजिओ ताई दोरीने वर ओढते, बघते, परत सोडते आणि मिनिटभराने पुन्हा ओढते. "चौतीस. चला, आज घेऊ." गेल्या बुधवारी पाणी 31 अंशांवर होतं. त्या दिवशी तिने नुसते खेळ घेतले, तपासणी घेतली नाही. गार पाण्यात स्नायू आखडतात, मुलाचे गुण घसरतात, आणि दोष असतो बॉयलरचा.

पुण्यातला जानेवारी आहे. सकाळचे दहा. बाहेर माणसं स्वेटर-कानटोपीत आणि इथे आत काचांवरून वाफेचे ओघळ उतरतायत. तलाव म्हणावा इतका मोठा नाहीच हा. चार लांब ढांगांत संपेल. मी काठावरच्या बाकावर, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. शेजारी आजी, मांडीवर टॉवेल, पंचा आणि घरून आणलेला पितळी तांब्या. बहिणीला आज रजा मिळाली नाही, म्हणून तिच्या जागी मी.

माझा भाचा सात वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी. दोन्ही पाय ताठ, उजवा जास्त. घरात वॉकर घेऊन चालतो, लांब जायचं तर व्हीलचेअर. डॉक्टरांच्या भाषेत तिसरी पातळी, पाचांपैकी. पाण्यात मात्र तो आत्ता ताईसमोर उभा आहे, वॉकरशिवाय, छातीपर्यंत बुडून. एवढ्या पाण्यात पायांवर अंगाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा उरतो, बाकीचं पाणी उचलतं.

कमरेला ट्यूब नाही, दंडाला फुगे नाहीत. पलीकडे एक बाबा नव्या कोऱ्या नारंगी दंडपट्ट्या घेऊन आलेत, त्यांना नम्रपणे परत पिशवीत ठेवायला सांगितलंय. फुग्याने मूल वर राहतं, पण तोल फुगा सांभाळतो, मूल नाही. हा नियम जुना आहे. 1949 साली लंडनच्या हॅलिविक शाळेत जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने अपंग मुलींना पाण्यात उतरवायला सुरुवात केली. माणूस द्रवाच्या गतीचा अभ्यासक, त्यामुळे त्याने आधी पाण्यात शरीर कुठे कलतं, का फिरतं ते बघितलं, आणि त्या फिरण्यावर ताबा मिळवायच्या दहा पायऱ्या बांधल्या. त्या पद्धतीत पाण्यातल्या मुलाला पेशंट म्हणत नाहीत, पोहणारा म्हणतात. ताईसुद्धा हाक मारते ती अशीच: "काय पोहणारे, तयार?"

"तया," भाचा म्हणतो.

काठावर दुसरी फिजिओ उकिडवी बसलीय. प्लॅस्टिकच्या कव्हरवर कागद, हातात पेन्सिल. पेन इथे चालत नाही. ओल्या बोटांनी शाई पसरते आणि आकडा वाचता येत नाही. हा कागद जेरुसलेमच्या अलीन रुग्णालयात तयार झालेल्या चाचणीचा आहे. वोटा म्हणतात तिला. सूचना समजणाऱ्या मुलांसाठीच्या प्रकारात 27 कृती असतात, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून 81. तोंडाने बुडबुडे काढणं, नाकाने काढणं, पाण्यात शिरणं, बाहेर येणं, उताणं तरंगणं, कुशीवर वळणं. पूर्ण आधार लागला तर गुण खाली. कुणाचाही हात न लागता नीट जमलं तरच तीन.

या कागदावर माझा जीव का आहे ते सांगायला हवं. दोन वर्षं आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो. दर तीन महिन्यांनी एक कागद मिळायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, प्रगती समाधानकारक. विचारलं की उत्तर यायचं, होईल हळूहळू. असे आठ कागद बहिणीने फाइलमध्ये जपले. एका रात्री ते जमिनीवर ओळीने मांडून ती वाचत बसली. तारखा झाकल्या तर पहिला कुठला आणि आठवा कुठला ते कळत नव्हतं. ती रडली नाही, तिने ते परत क्रमाने लावले आणि दिवा घालवला. मला तिचा तो गप्पपणा आजही सहन होत नाही. ज्या आईने दोन वर्षं पहाटे उठून रिक्षा शोधलीय तिला एक खरा आकडा मिळायला हवा, लहान असला तरी.

बुडबुड्यांना तीन मिळतात. पिंगपाँगचा चेंडू तो फुंकरीने ताईच्या हनुवटीपर्यंत ढकलतो, आणि "पुना!" म्हणून ओरडतो. पुन्हाला तो पुना म्हणतो. ताई चेंडू परत देते, पण काठावरची पेन्सिल आता हलत नाही. आनंद वेगळा, नोंद झालेली आहे.

"आता पतंग बघायचा," ताई म्हणते.

छताला एक लाल पतंग चिकटवलाय, संक्रांतीचा. उताणं झोपलेल्या मुलाने नजर तिथे ठेवायची. मान उचलून स्वतःच्या पायांकडे बघितलं की पाय खाली गेलेच समजा. ताई त्याच्या डोक्यामागे उभी राहते. तिचे तळवे त्याच्या खांद्यांखाली. कानात पाणी जातं, तो चेहरा आवळतो, मुठी मिटतात. ती घाई करत नाही. श्वास सोडायला सांगते. मुठी उघडायला वेळ लागतो. आधी डावी, मग अंगठा आत दाबूनच उजवी. तळव्यांची बोटं होतात. दहाची चार होतात. मग दोन. मग ती हात पाण्याखाली वितभर खाली नेते आणि माझ्याकडे मान हलवते.

मी स्टॉपवॉच दाबते.

एक. पाणी त्याच्या गालाला लागलंय, डोळे पतंगावर. दोन. ओठ हलतायत, बहुतेक तोही मोजतोय. तीन. चार. उजवा खांदा बुडायला लागतो. ही त्याची ताठ बाजू. ज्या बाजूचे अवयव आखडलेले, त्या बाजूला शरीर पाण्यात वळतं, हे आता मलाही माहीत झालंय. ताईचा हात येतो.

दुसऱ्या खेपेला सहा सेकंद. तिसऱ्या खेपेला तीन, कारण मधेच पलीकडच्या मुलाने पाणी उडवलं. ऑक्टोबरात एकदाही हात काढता आला नव्हता.

"दोन," ताई पाण्यातून म्हणते.

आजी पुढे सरकतात. "अगं, सहा सेकंद राहिला की तो! तीन दे ना."

"आजी, वळताना मला धरावं लागलं ना."

"जरासंच."

"जरासं लागलं, म्हणून दोन. ज्या दिवशी माझा हात लागणार नाही, त्या दिवशी मीच ओरडून तीन सांगेन."

आजी गप्प होतात, पण त्यांना पटलेलं नाही. पदराने कपाळ टिपतात. मला दोघींचंही कळतं. तरी मी ताईच्या बाजूने आहे. तीन लिहून टाकलं तर जमलं म्हणून पुढचे तीन महिने या खांद्यावर कुणी काम करणार नाही.

समोरच्या भिंतीवर मुरलीकांत पेटकरांचा फोटो आहे. सांगली जिल्ह्यातला जवान, 1965 च्या युद्धात जखमी झाला, आणि उपचार म्हणून पाण्यात उतरला. 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक त्यांनी मिळवून दिलं. वेळ होती 37.33 सेकंद. शंभराव्या हिश्शापर्यंत मोजलेली. आमच्या सहा सेकंदांचीही तितकीच काटेकोर दखल घेतली जातेय, याचं मला फार बरं वाटतं.

शेवटी बाहेर येणं. काठाला दोन्ही हात टेकून अंग वर ओढायचं. यात मागच्या वेळी तीन होते. आज कोपर काठावर येतं, पोट येतं आणि गुडघा अडकतो. पुन्हा एकदा. पुन्हा अडकतो. ताई खालून मांडीला आधार देते. पेन्सिल दोन लिहिते.

गुण कमी झाला. आजींच्या तोंडून "अरे देवा" निघतं.

"उंची घेतली होती ना आत येताना?" ताई काठावरच्या मुलीला विचारते.

"तीन सेंटिमीटर वाढलीय."

हाडं वाढली आणि ताठ स्नायू त्या वेगाने वाढले नाहीत, मांडीमागची शीर ओढून धरतेय. तो मागे गेलेला नाही, मोठा झालाय. पण आता स्प्लिंटचं माप बदलायला हवं, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. समाधानकारक म्हणणाऱ्या कागदावर हे दिसलंच नसतं.

बाकावर टॉवेल अंथरून ताई त्याच्या मांड्या हळूच बाजूला करून बघते. पाण्यात जायच्या आधीही तिने हेच केलं होतं, तेव्हा पाय कात्रीसारखे मिटत होते. आता सहज उघडतायत. आजी खूश. "बघा, किती मऊ झालाय!"

"ही पाण्याची ऊब आहे, आजी. खरं काय ते उद्या सकाळी कळेल. चड्डी बदलताना बघा आणि मला फोन करा. पाण्यातली पावलंही इथे मोजली, पण ती जमिनीवर उतरलीत का ते शुक्रवारी गादीवर वेगळं तपासू."

कागदाच्या खाली एक चौकट आहे, ती वोटाची नाही. घरच्यांनी ठरवलेलं ध्येय तिथे लिहितात, उणे दोन ते अधिक दोन अशा पट्टीवर. सुरुवात जिथून केली ते उणे दोन, अपेक्षित ते शून्य. बहिणीने तिथे लिहिलंय, अंघोळ. डोक्यावर पाणी पडलं की हा कमानीसारखा ताठ व्हायचा, श्वास रोखायचा, दोघींनी धरावं लागायचं. शून्यासाठी हवेत तीन तांबे, ओळीने, न रडता, एकाच माणसाने घातलेले. उणे एकसाठी दोन.

आजी त्याला न्हाणीत नेतात. शॉवरचा आवाज त्याला चालत नाही, म्हणून तांब्या. दार अर्धं उघडं आहे. मी बाहेर कपडे घेऊन उभी.

पाणी पडल्याचा आवाज. मग फूऽऽ. लांब फुंकर, चेंडू ढकलताना मारतो तशीच. पुन्हा पाणी. पुन्हा फूऽऽ. मग तिसरं पाणी आणि त्यामागे एक हुंदका, लहानसा, लगेच थांबलेला. "झालं रे सोन्या, झालं झालं."

दाराबाहेर ती पेन्सिलवाली मुलगी येऊन थांबलीय. "आजी, किती झाले?"

आत थोडा वेळ फक्त टॉवेलने डोकं पुसल्याचा आवाज येतो.

"तीन घातले," आजी म्हणतात. "पण तिसऱ्याला रडला. दोन लिही."