उभ्या गाडीची बॅटरी आणि रात्रीचा सायरन

वापरात नसलेल्या मोटारीतला चोरीचा अलार्म बॅटरीवरच जगतो, रोज थोडी थोडी तिला रिकामी करतो आणि ती पुरेशी उतरली की मध्यरात्री स्वतःच बोंब ठोकतो. महिनाभर जागची न हललेली गाडी अशी ओरडू लागली की घरचे आधी चोर शोधतात, मग मांजर. बॅटरीकडे लक्ष जाते ते सकाळी, सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू आली की.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले, तापीच्या उत्तर काठावरचे सारंगखेडा हे अशा बंद गाड्यांचे गाव म्हणायला हरकत नाही. खानदेशातल्या इतर गावांप्रमाणे इथलीही बरीच मंडळी सुरत, नाशिक, पुण्याकडे कामाला असतात. दिवाळीत आणलेली गाडी म्हाताऱ्या आईवडिलांपाशी, पत्र्याच्या शेडखाली राहते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा गाव माणसांनी, वाहनांनी आणि भोंग्यांनी गजबजते. ऊन, कर्णे आणि दीर्घ विश्रांती, बॅटरीला यातले काहीच मानवत नाही.

मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी म्हणजे सहा घरे. भरलेल्या प्रत्येक घरात सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली की सेल्फ अडखळतो. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली. मोटारीत तिला मानाची जागा मिळाली ती १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीत बसला तेव्हा. त्याआधी हँडल मारून इंजिन चालू करावे लागे. जुन्या जीपला हँडल मारलेली माणसे गावात अजून भेटतात. बॅटरी उतरली म्हणून त्यांची गाडी कधी अडून राहिली नाही.

आजच्या गाडीत चावी काढली तरी सगळे झोपत नाही. अलार्मचा मेंदू, रिमोटचा संदेश ऐकणारा भाग, घड्याळ, इंजिनाच्या संगणकाची स्मरणशक्ती हे सगळे मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर ओढत राहतात. ४० मिलीअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास खर्च होतो. लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने अडीच आठवड्यांत निम्मी आणि पाच आठवड्यांत कोरडी होते. बाजारातून वेगळा बसवलेला अलार्म, जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. बिनचावीच्या गाडीत आणखी एक खोड असते. रिमोट दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला आणि गाडी ओट्यापुढेच उभी, असे असेल तर काही गाड्यांची यंत्रणा रिमोटची चाहूल लागून पुन्हा पुन्हा जागी होते. अशा घरात रिमोट मागच्या खोलीतल्या कपाटात गेला तरी बॅटरीचे आयुष्य वाढते.

काहीही जोडलेले नसले तरी बॅटरी माठासारखी आपोआप झिरपतेच. २५ अंशांना हे झिरपणे महिन्याला ३ ते ५ टक्के असते आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की सुमारे दुप्पट होते. म्हणजे वैशाखातल्या पत्र्याच्या शेडखाली चौपट. पत्र्याची सावली ही गाडीच्या रंगासाठी सावली असते, बॅटरीसाठी नव्हे. निंबाचे झाड केव्हाही बरे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. मग चार्जर लावूनही ती पूर्वीइतका भार घेत नाही. एकदा उतरलेली बॅटरी वाचते, पण सहा महिने उतरून पडलेली सहसा वाचत नाही.

अलार्म का वाजतो, याची तीन कारणे नेहमी आढळतात. व्होल्टेज पडले की त्याच्या मेंदूला दार किंवा बॉनेट उघडल्याचा चुकीचा संकेत मिळू शकतो. काही सायरनांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीचा पुरवठा तुटला की चोराने वायर कापली असे समजून ते ओरडतात. तिसरे कारण हादऱ्याचे. बाहेरून बसवलेल्या अलार्मचा सेन्सर जास्त नाजूक ठेवला असेल तर वरातीचा डीजे, उसाची ट्रॉली, यात्रेतले कर्णे यांपैकी काहीही पुरते. चारही इंडिकेटर आणि हॉर्न अर्धा मिनिट लुकलुकून वाजले तर ढोबळमानाने एक विसांश अँपिअर-तास जातो. यात्रेच्या एका संध्याकाळी वीसदा वाजला तर बॅटरीचा एक जादा दिवस संपला. सेन्सरची संवेदनशीलता कमी करण्याचा स्क्रू बहुतेक अशा अलार्मांवर असतो, पण तो फिरवण्याऐवजी लोक अलार्म बसवणाऱ्याला शिव्या देतात.

बॅटरी पार उतरली की रिमोट मुका होतो. अशा वेळी रिमोटच्याच पोटात दडवलेली लोखंडी चावी काढावी. चालकाच्या दाराचे कुलूप काही गाड्यांत प्लास्टिकच्या टोपणाखाली असते. दार उघडल्यावर आतला खटका ओढून बॉनेट उघडायचे. इथे एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. दार चावीने उघडलेले अलार्मला रुचलेले नसते, त्यामुळे वीज परत मिळताच तो पूर्ण जोराने वाजण्याचा संभव असतो. केबल जोडताना एका माणसाने रिमोट घेऊन चालकाच्या जागेवर बसावे आणि आवाज सुरू होताच अनलॉकचे बटण दाबावे. त्याने भागले नाही तर चावी घालून ऑनवर फिरवावी, कारण गाडीने चावीतली चिप ओळखली की बहुतेक अलार्म गप्प होतात. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल मेला असेल तर रिमोट बटणाला टेकवून दाबतात. हा सेल बहुधा ३ व्होल्टचा, नाण्याएवढा असतो आणि बॅटरीचा दोष काढण्यापूर्वी तो बदलून पाहणे स्वस्त पडते.

गावातला पहिला उपाय म्हणजे चार पोरे बोलावून धक्का. गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने सुरू होते, हे खरे. पण बॅटरीत थोडा जीव उरला असेल तरच, कारण इंधनाचा पंप आणि इंजिनाचा संगणक यांना वीज लागते. पार मेलेल्या बॅटरीवर नवी गाडी कितीही ढकलली तरी पोरांचा घाम तेवढा निघतो. ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत हा विचारच करू नये.

खरा मार्ग जम्पर केबलचा. दुसरी गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर ट्रॅक्टर चालतो. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच आणि मोठी असते, शिवाय सारंगखेड्याच्या शिवारात ट्रॅक्टर शोधावा लागत नाही. केळी किंवा ऊस नेणारा मोठा ट्रक मात्र बहुधा २४ व्होल्टवर चालतो. त्यावरून मोटार जोडली तर अलार्मच काय, इंजिनाचा संगणकही जळू शकतो. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी अडीनडीला कामी येते, पण ती आधी इन्व्हर्टरपासून सोडवून घ्यावी. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतील तर जोडणी सोडवून एकच वापरावी.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. लाल केबलचे एक टोक मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि उरलेले शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. जवळ बिडी नको, हेही त्याच कारणाने. दोन्ही वाहनांचे पत्रे एकमेकांना टेकू देऊ नयेत. मदतीचे वाहन पाच-दहा मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा आणि इंजिन सुरू झाल्यावर उलट क्रमाने केबल काढाव्यात. काही जुने मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासतात. हँडलच्या जमान्यातल्या गाडीला ते खपत असे. आजच्या गाडीत त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज महागात पडते.

इंजिन सुरू झाले म्हणजे बॅटरी भरली असे नाही. आठवड्याला पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे आणि ती जवळजवळ निरुपयोगी आहे. आठवड्यात ७ अँपिअर-तास गेले असतील तर पाच मिनिटांत ते परत मिळवायला ८४ अँपिअरचा भरणा लागेल. उभ्या इंजिनावर बॅटरी त्याचा लहानसा अंशच घेते. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचते ते वेगळेच. त्याऐवजी आठवड्यातून एकदा तापीवरचा पूल ओलांडून दोंडाईच्याला जाऊन यावे, एसी बंद ठेवून. पार उतरलेल्या बॅटरीला तेही पुरत नाही. तिला चार्जरच हवा, आणि तो क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, रात्रभर. घरे उघडण्याजोगी बॅटरी असेल तर पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातले क्षार तिला मारतात.

गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर सर्वांत स्वस्त उपाय १० नंबरच्या पान्याचा. रिमोटने गाडी उघडून, चावी ऑन करून पुन्हा बंद करावी आणि लगेच मायनसचे टर्मिनल सैल करून बाजूला करावे. स्वतःची बॅटरी असलेला सायरन काही गाड्यांत या क्रमाने गेले तरच गप्प राहतो, त्यामुळे गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी चाळावी. मायनस आधी काढायचा, कारण प्लस सोडवताना पाना पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होतो. जोडताना मायनस शेवटी. मग दारे चावीने बंद करावीत. घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन पुन्हा लावावे लागते, काही गाड्यांत काचांची बटणेही नव्याने शिकवावी लागतात. अलार्म अर्थातच बंद राहतो. ज्या घरी कोणी ना कोणी असते तिथे तो बंद राहिल्याने फारसे बिघडत नाही, आणि उतरलेल्या बॅटरीवरचा अलार्म तसाही चोराला अडवत नाही. अलार्म हवाच असेल तर सोलरचे छोटे पॅनेल लावता येते. ते डॅशबोर्डच्या सॉकेटऐवजी थेट टर्मिनलला जोडावे, कारण बऱ्याच गाड्यांत चावी काढली की सॉकेट मरतो.

इतके करूनही रात्रभर चार्ज केलेली बॅटरी दुसऱ्या सकाळी १२.४ च्या खाली आली, तर ती बदलायची वेळ झाली. जुनी भंगारात टाकू नये किंवा तिचे आम्ल गटारीत ओतू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि दुकानदार शिशापोटी नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही देतो. नवी शहाद्याहून आणा किंवा दोंडाईच्याहून, तिच्यावर छापलेला महिना-वर्ष वाचून घ्यावा. दुकानाच्या फळीवर बसलेली बॅटरीही उन्हाळ्यात झिरपतच असते, म्हणून सहा महिन्यांहून जुनी निघाली तर दुसरी मागावी.