मालक भला असला तरी

सावनेरच्या बाजारात कापडाच्या, किराण्याच्या किंवा भांड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाजवळ संघटनेची गोष्ट काढली, की तो आधी आजूबाजूला पाहतो आणि मग म्हणतो, "आमचे शेटजी चांगले आहेत, भाऊ. आम्हाले युनियन कायले पाहिजे?" गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी हे वाक्य ऐकत आलो आहे. ते पुष्कळदा खरे असते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे जड जाते. दुष्ट मालकाविरुद्ध बोलायला फारशी अक्कल लागत नाही. भल्या मालकाच्या दुकानात संघटनेचे काम काय, हा प्रश्न मात्र विचार करायला लावणारा आहे. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर झाले. तेव्हा जे पाहिले आणि वाचले तेवढ्याच्या आधारावर बोलतो.

१९८६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मी नागपुरास इतवारीत एका कापडदुकानात लागलो. शेटजी खरोखर भला माणूस होता. दिवाळीला कपडे, गुढीपाडव्याला मिठाई, आजारपणात औषधपाणी. माझ्या आईचे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांनी पैसे दिले आणि परत मागितले नाहीत. आई मला सांगे, "देवमाणूस आहे, त्याच्या तोंडाले लागू नोको." मी कधी लागलो नाही. सकाळी नऊला दुकान उघडायचे आणि रात्री साडेनऊला झाडू मारून बाहेर पडायचे. सणासुदीला रात्रीचे अकरा. त्याबद्दल बोलणार कसे? ज्याने आईचा जीव वाचवला, त्याला तासांचा हिशेब विचारायचा?

आमच्याबरोबर एक मुनीमजी होते. १९६४ पासून ते त्या गादीवर होते. खतावणी त्यांच्या हातची, उधारी त्यांच्या तोंडपाठ. १९९३ साली शेटजी हृदयविकाराने एकाएकी गेले. मुलांच्या वाटण्या झाल्या, दुकान विकले गेले, आणि एकोणतीस वर्षांच्या चाकरीनंतर मुनीमजींना एक शाल, एक नारळ आणि त्या महिन्याचा पगार मिळाला. मुले वाईट होती असे मी म्हणणार नाही. वडिलांनी तोंडी काय काय कबूल केले होते हे त्यांना ठाऊकच नव्हते. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा माणसांपासून सुरू होई, आणि आम्ही होतो सहा. नेमणुकीचा कागद नाही, करार नाही. शेटजींच्या मनात मुनीमजींची म्हातारपणाची सोय करायचे नक्की होते. पण ते मनात होते, आणि मन त्यांच्याबरोबर गेले.

हा प्रसंग मी शेटजींना दोष देण्यासाठी सांगत नाही. भलेपणा एका माणसाच्या ठायी असतो. तो माणूस मरतो, म्हातारा होतो, कर्जात बुडतो, दुकान विकतो. नोकराचे पोट मात्र दुकानावर असते. आम्ही सहाजण आणि आजूबाजूच्या दुकानांतले पन्नास-साठ जण एकत्र असतो, तर शेटजींच्या हयातीतच, त्यांच्याच संमतीने, चार ओळींचा कागद झाला असता. त्यांनी आनंदाने सही केली असती, याविषयी मला आजही शंका नाही. आम्ही मागितलाच नाही. संघटना म्हणजे भांडण, आणि देवमाणसाशी भांडायचे नसते, एवढेच आम्हाला कळत होते.

याहून मोठे उदाहरण नागपुरातच आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळात असा मालक मिळणे दुर्मिळ होते. कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली; कायद्याने हे करायला सांगितले नव्हते, त्यांनी आपण होऊन केले. आणि तरीही हिंदुस्थानातल्या गिरण्यांमधल्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी एक याच एम्प्रेस मिलमध्ये, १८७७ सालीच, मजुरीच्या दरावरून झाला. मालक उदार असला तरी मजुरीचा दर काय असावा याविषयी त्याचे आणि कामगाराचे मत एकच असेल, असे नसते. पुढे १९८६ मध्ये ही गिरणी टाटांकडून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. मालक बदलल्यावर कामगाराच्या हाती जे काही उरते, ते कायद्याचे आणि लेखी कराराचे. आधीच्या मालकाच्या चांगुलपणाचा त्यात हिशेब धरत नाहीत.

आता कोणी म्हणेल, गिरणी कुठे आणि आमचे दुकान कुठे! तिथे हजारो माणसे, इथे एक शेटजी आणि दोन पोरे. शेटजी स्वतःच सकाळी शटर उचलतो, स्वतःच पोती उतरवून घेतो, दुपारी त्याच डब्यातली भाजी पोरांना वाढतो. त्याच्याविरुद्ध दोघांची युनियन काढायची म्हणजे हास्यास्पदच. हा आक्षेप मला मान्य आहे. एका लहान दुकानाची संघटना होऊ शकत नाही आणि होऊही नये. दुकान-नोकरांची संघटना ही सगळ्या बाजारपेठेची असते. ती कोणा एका शेटजीविरुद्ध उभी नसते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

समजा, एका भल्या दुकानदाराने ठरवले, की आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायचे आणि रोज आठाला शटर ओढायचे. समोरचा दुकानदार दहापर्यंत उघडा असतो आणि सातही दिवस असतो. दोन महिन्यांत गिऱ्हाईक समोर वळते. भला दुकानदार मनात नसताना पुन्हा दहापर्यंत बसतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा नोकरही. यात दुष्ट कोणीच नाही. पण एकटा चांगला राहणे परवडत नाही. म्हणून सगळ्या बाजाराला एकच नियम लागतो, आणि तो नियम टिकवायला कोणी तरी लक्ष ठेवणारे लागते. जुन्या गुमास्ता कायद्याचे मर्म हेच होते. मुंबई प्रांतात तो १९३९ साली आला. आपले सावनेर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, तेव्हा इकडे १९४७ चा वेगळा कायदा झाला. दुकान बंद करण्याची वेळ ठरलेली, आठवड्यातून एक दिवस कुलूप. ज्याला नोकराला सुटी द्यायची होती त्याला या कायद्याने आधारच दिला, कारण समोरच्याचेही दुकान त्या दिवशी बंद असे.

२०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने हे बदलले. दुकान वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडे ठेवता येऊ लागले. नोकराला पाळीपाळीने आठवड्याची सुटी, दिवसाला नऊ तास, वर्षाला आठ किरकोळ रजा. कागदावर हे वाईट नाही. पण कायदा दहा आणि त्याहून अधिक माणसे असलेल्या दुकानांना. त्याखालच्या दुकानदाराने फक्त सूचना द्यायची. आपल्या बाजारात दहा नोकर असलेली दुकाने किती, हे आपणच मोजून पाहावे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाऐवजी वीसची मर्यादा आणि नवाऐवजी दहा तास अशा बदलांना मान्यता दिली. असे निर्णय होण्याआधी व्यापाऱ्यांचे म्हणणे सरकारपर्यंत पोचते, कारण त्यांचे चेंबर असते, व्यापारी संघ असतो. तो असावाच; त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ज्याचा भला शेटजी स्वतः संघाचा सभासद आहे, वर्गणी भरतो, बैठकीला जातो, त्याच्या नोकराला संघटनेची गरज काय म्हणून विचारणे मला थोडे गमतीचे वाटते.

दुसरी एक गोष्ट घ्या. पूर्वी कापडदुकानात गादी असे. पांढऱ्या गादीवर मांडी घालून नोकर कापड उलगडून दाखवी, गिऱ्हाईकही तिथेच बसे. पुढे काउंटर आले, शोरूम आली, गादी गेली आणि नोकर उभा राहिला. दहा-दहा, बारा-बारा तास उभा. कोणा मालकाने छळायचे म्हणून हे केले नाही. गिऱ्हाईक आत आले की माणूस उभा दिसला पाहिजे, अशी रीत पडली इतकेच. केरळात कापडदुकानांतल्या बायकांना बसायची मुभा नव्हती, लघवीला जायचीही चोरी. कोझिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या बायकांना एकत्र आणले, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि २०१८ मध्ये केरळ सरकारने बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. एवढ्या दुकानांत भले मालक नव्हते काय? असलेच पाहिजेत. पण एक स्टूल ठेवावे हे त्यांच्या लक्षात आले नाही, कारण ज्याचे पाय दुखत होते तो बोलत नव्हता. भल्या मालकालाही न बोललेले ऐकू येत नाही.

इंग्लंडचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढले आणि ती चळवळ देशभर पसरली. या दुकानांचे मालक म्हणजे गिऱ्हाईक-सभासद, आणि ते पुष्कळसे कामगारच. याहून चांगला मालक कोण? तरी याच सहकारी दुकानांतल्या नोकरांनी १८९१ मध्ये मँचेस्टरला आपली संघटना काढली. तीच पुढे दुसऱ्या संघटनांशी मिळत मिळत १९४७ मध्ये तिथल्या दुकान-कामगारांची मोठी युनियन झाली. स्वस्त माल हवा असणारा कामगार गिऱ्हाईक म्हणून दुकानाचा मालक झाला, की तोही नोकराचे तास विसरतो. आपणही, माझ्यासकट, रात्री साडेनऊला साखर आणायला जातो तेव्हा कोण आठवतो?

आपल्याच तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यापासून मालक सरकार आहे. वेतन, वैद्यकीय सोय, निवृत्तीचे लाभ, सारे ठरलेले. तरी तिथल्या एकाही कामगाराला 'मालक चांगला आहे, आता युनियन कशाला' असे म्हणताना मी ऐकले नाही. मे २०२३ मध्ये झालेला अकरावा राष्ट्रीय कोळसा वेतन करार युनियनांनी वाटाघाटी करूनच पदरात पाडून घेतला. त्या कामगाराच्या पोराचे शाळेचे कपडे ज्याने दाखवले, त्या दुकानातल्या पोराचा पगार मात्र शेटजीच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर.

संघटनांमध्ये दोष नाहीत असे मी म्हणत नाही. वर्गणी गोळा करून तोंड न दाखवणारे पुढारी मी पाहिले आहेत. पेटवून देऊन माणसांना वाऱ्यावर सोडणारेही. लहान बाजारात तसले काही चालणार नाही, कारण संध्याकाळी मालक, नोकर आणि पुढारी एकाच चहाच्या टपरीवर भेटणार असतात. इथे संपाची भाषा निरुपयोगी आहे. इथे लागतो तो थोडासा कागद आणि पुष्कळशी चिकाटी.

१९२६ च्या कायद्यात संघटना नोंदवायला कमीत कमी सात जण लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही अर्ज करायला सातच लागतात. एकूण सभासदांची अट वेगळी आहे, पण एका बाजारपेठेत ती पुरी होण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी पगारवाढ मागू नये, असे माझे मत आहे. प्रत्येकाला नेमणुकीचे एक पत्र मिळावे, त्यावर कामाला लागल्याची तारीख असावी. हजेरीचे बुक असावे. आठवड्याचा सुटीचा वार लिहिलेला असावा. आणि काउंटरमागे एक स्टूल असावे. हा कागद घेऊन पहिल्यांदा जावे ते बाजारातल्या सर्वांत भल्या शेटजीकडे. त्याची सही सर्वांत लवकर मिळेल, आणि ती दाखवून दुसऱ्याच्या दुकानात पाऊल टाकता येईल.

गेल्या वर्षी छिंदवाडा रस्त्यावरच्या एका किराणा दुकानदाराला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, चहा मागवला आणि आपल्या पोराला हाक मारून विचारले, "काय रे, तू कधीपासून आहे माह्याकडे?" पोराला साल आठवले, शेटजीला आठवले नाही. मग त्याने गल्ल्यातून बिलबुक काढले, मागच्या कोऱ्या पानावर ते साल आणि पोराचे नाव लिहिले, खाली सही केली आणि मला म्हणाला, "बाकीचं समोरच्याले विचारून या. तो जे मान्य करीन, ते मले मान्य."